लसीची बाटली शंभर डोसची, कोंबड्या दहा

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात कोंबड्यांचं छापून येतं ते बहुतेक ब्रॉयलर शेडचं नाहीतर बर्ड फ्लूचं, पण दारात दहा-बारा गावरान पाळणाऱ्या आमच्यासारख्या बायकांची खरी डोकेदुखी मानमोडी आहे, म्हणजे राणीखेत. एखाद्या घरात कोंबडी पंख पाडून बसते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी होते आणि बघता बघता अख्ख्या आळीतली खुराडी रिकामी. आजार विषाणूचा, एकदा लागला की औषध नाही, मग पाण्यात अँटीबायोटिक घाला नाहीतर हळद-लसूण घाला.

उपाय लसच. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात लासोटाचा एक थेंब, पुढे दोन महिन्यांच्या आसपास आरटूबीचं इंजेक्शन. हे ट्रेनिंगमध्ये सगळेच सांगतात हो, पण बाटली मिळते शंभर डोसची नाहीतर त्याहून मोठी, आणि एकदा कालवली की तास-दोन तासात संपवायची, उरली की फेकायची, शिवाय दुकानातून घरापर्यंत बर्फातच आणायची नाहीतर लसीचा जोर जातो. दहा कोंबड्यांसाठी एवढं कोण करणार?

म्हणून ग्रामपंचायतीने जनावरांच्या डॉक्टरांशी बोलून दर वर्षी थंडी सरताना एक दिवस ठरवावा, आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज टाकावा आणि पहाटे खुराडी उघडायच्या आत घरोघर लस द्यावी. पहाटेच, कारण एकदा सोडल्या की धरता धरता दुपार होते (आमचा कोंबडा तर उलटा माणसावरच धावतो). एका बाटलीत अख्खी आळी होईल. योजनेतून नुसती पिल्लं वाटून काय उपयोग, पहिल्याच साथीत गेली तर?

आणखी एक, काहींना राग येईल. साथ सुरू झाली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात विकून मोकळे होतात, म्हणजे आजार पुढच्या गावाला. मेलेल्या ओढ्यात टाकतात, कुत्री ओढत फिरतात. खड्डा काढून चुना टाकून पुरायला काय जातं? आणि बाजारातून नवीन कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्याखाली ठेवा, लगेच बाकीच्यांत सोडू नका.

कुठल्या गावाने असा लसीचा दिवस ठरवून केला असेल तर पेपरातून जरूर कळवा, आमच्या बचत गटाला बघायला यायचंय.

– एक वाचक, जि. सातारा