नकाशा वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

नगररचना खात्यातून निवृत्त झाल्यावरही आम्हा अनोळखी रहिवाशांसाठी तुम्ही भू-वापराचा नकाशा उलगडून बसलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

शाळेच्या कुंपणाला लागून स्प्रे पेंटिंगचा कारखाना येणार, हे कळल्यावर वस्तीत संताप होता. पण ‘त्यांच्याकडे प्रदूषणाचा परवाना आहे’ म्हटलं की सगळेच गप्प व्हायचे. तुम्ही सांगितलंत, की एका धुराड्यातून किती बाहेर पडतं ते परवाना बघतो. ते धुराडं कुणाच्या खिडकीशी उभं राहावं आणि आसपास आधीच किती आहेत, हा प्रश्न झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जागेवर काय चालू द्यायचं ते ठरवण्याचा. तिथून आमच्या हरकतीचा रोखच बदलला.

नकाशावर तुम्ही आधी वाऱ्याची दिशा पेन्सिलने काढलीत, मग शाळा, मग मालाचे ट्रक कुठून वळणार तो कोपरा. थिनरची वाफ आणि डिझेलचा धूर एकाच वर्गाच्या खिडक्यांवर येणार होते! कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची २००५ सालची मार्गदर्शिकाही तुम्ही दाखवलीत: नवी घरं, शाळा मोठ्या महामार्गापासून ५०० फूट आणि क्रोम प्लेटिंगच्या (धातूवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यापासून १००० फूट लांब ठेवा, असं ती सुचवते. लगेच बजावलंतही, की ही शिफारस आहे, आपल्याकडचा नियम नव्हे. आकडा जपून वापरा. सुनावणीत नेमका त्यावरच प्रश्न आला आणि आम्ही अडखळलो नाही.

सगळ्यात जास्त आदर वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. भर सभेत तुम्ही जुन्या वर्कशॉपवाल्यांची बाजू मांडलीत. झोन बदलण्याआधीपासून रीतसर चालू असलेल्या धंद्याला बहुधा संरक्षण मिळतं, आणि तिथे राबणारी माणसंही याच वस्तीतली. त्यांना हुसकावू नका, वाढीव कामाला अटी घाला: रंग मारायला बंदिस्त बूथ, वेळेवर बदललेले फिल्टर, शेजारच्या छपरांपेक्षा उंच धुराडं. आमच्यातल्या काहींना ते तेव्हा रुचलं नाही. मला मात्र तेच न्याय्य वाटलं, आजही वाटतं.

कारखान्याला ती जागा नाकारली गेली, हे तुम्हाला कळलंच असेल. आता नव्या आराखड्यावर हरकती मागवल्या आहेत. मसुदा यावेळी आम्हीच लिहिला आहे. सवडीने एकदा नजरेखालून घालाल का?

आपले कृतज्ञ,
वस्तीतले रहिवासी