‘चार्ज’ला मराठीत एकच शब्द नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या महिन्यात धंतोलीतील एका इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर ‘विद्युत वाहन आकारणी केंद्र’ अशी हिरवी पाटी दिसली आणि मी स्कूटर तिथेच थांबवली. महसूल खात्यात उभी हयात गेल्यामुळे ‘आकारणी’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे शेतसारा येतो. विजेवरच्या गाड्यांवर नवा कर बसला की काय, अशी शंका आली. पहारेकऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काही नाही काका, गाडी चार्जिंगले लावाची जागा हाय.” पाटीचा मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून घेतलेला असावा आणि ‘चार्जिंग’च्या अनेक अर्थांपैकी पैसे आकारण्याचा अर्थ यंत्राने उचललेला असावा. यंत्राला हसून मी घरी आलो खरा, पण दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडल्यावर हसू ओसरले. कारण तिथे एकाच पानावर एका अधिकाऱ्याने ‘चार्ज घेतला’ होता, तिघांवर ‘चार्ज फ्रेम’ झाला होता आणि एका रुग्णाला ‘डिस्चार्ज’ मिळाला होता.

हा इंग्रजी शब्द मुळात गाडीचाच आहे, ही यातली गंमत. लॅटिनमधील ‘कार्रुस’ म्हणजे गाडा. गाड्यावर माल लादण्याच्या क्रियेवरून झालेले रूप फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि ‘चार्ज’ झाले. जहाजावरचा ‘कार्गो’ त्याच कुळातला आणि चेहऱ्यावर अतिशयोक्ती लादणारे ‘कॅरिकेचर’ही त्याच घरचे. लादणे हा मूळ अर्थ ध्यानात ठेवला की पुढचे सगळे उलगडते: तोफेत दारू भरली, माणसावर काम टाकले, जमिनीवर कर्ज चढवले, कोणावर गुन्हा ठेवला किंवा वस्तूवर दाम लावला, तर इंग्रजाला प्रत्येक ठिकाणी ‘चार्ज’च आठवला. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात ‘सेट’ या चिमुकल्या शब्दाचे चारशेहून अधिक अर्थ नोंदलेले होते, तेव्हा ‘चार्ज’ हा त्या भाषेतला काही एकटाच बहुरूपी नव्हे.

मराठीने हेच ओझे वेगवेगळ्या शब्दांवर वाटून दिले आहे. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पटवाऱ्याची बदली झाली, की जुना आणि नवा असे दोघे पटवारी साझ्याच्या खोलीत समोरासमोर बसत, लाल कापडात बांधलेले दप्तर सोडून एकेक नोंदवही मोजली जाई, कपाटाची किल्ली आणि शिक्का हातात दिला जाई, आणि यादीखाली एकाने ‘कार्यभार दिला’ व दुसऱ्याने ‘कार्यभार घेतला’ असे लिहून सही केली की मगच चहा येई. ती सही म्हणजे खरोखरच भार होता. एखादी फेरफार नोंदवही पुढे सापडली नाही, तर सही करणाऱ्याच्याच पगारातून पैसे कापले जात. त्याच दप्तरातल्या सातबारावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाचा ‘बोजा’ असे; बोजा चढवणे आणि बोजा कमी करणे हे शब्दप्रयोग शाळेची पायरी न चढलेला शेतकरीही अचूक वापरतो. त्याला ‘चार्ज’ किंवा ‘प्रभार’ म्हणून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

‘प्रभार’ हा शब्द आमच्याकडे पूर्वीपासून कानावर आहे, कारण नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि हिंदीचा वावर येथे जुनाच आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत विजेसाठीही तोच शब्द आहे: धनप्रभार आणि ऋणप्रभार. निवड चांगलीच म्हणायची, कारण ‘भार’ हा शब्द विजेच्या दुनियेत आधीच भारनियमनात अडकलेला आहे. आठवीतल्या नातीने मात्र मला विचारले, की शाळेतले प्रभारी मुख्याध्यापक धन की ऋण? मी उत्तर देण्याचे टाळले.

इतके दिवस मनात असलेला खरा मुद्दा न्यायालयीन बातम्यांचा आहे. पोलिसांनी तपास संपवून न्यायालयात दाखल केलेले ते दोषारोपपत्र; फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली कायदा त्याला नुसता पोलिसांचा अहवाल म्हणतो. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहून, खटला चालवण्याजोगे काही आहे असे वाटल्यास, दोषारोप निश्चित करतात. पहिली कृती पोलिसांची आहे, दुसरी न्यायालयाची आहे आणि दोहोंच्या मध्ये कित्येकदा वर्षे जातात. ‘चार्ज लागला’ असे मोघम छापले, की वाचकाला यातले नेमके काय घडले ते कळत नाही आणि ज्याचे नाव छापून आले, त्याच्या घरच्यांना शेजारीपाजारी उत्तरे देत बसावे लागते. ‘डिस्चार्ज’चेही तसेच आहे. दोषारोप ठेवण्यापुरताही आधार नाही म्हणून न्यायालयाने खटल्यापूर्वीच सोडले, तर तो इसम दोषमुक्त. पुरावा तपासून, पूर्ण खटला चालून सुटला, तर त्याची निर्दोष मुक्तता. दवाखान्यातून मात्र माणसाला सुट्टी होते आणि तोतलाडोह धरणातून पाण्याचा विसर्ग होतो. या चार गोष्टींना चार शब्द रोजच्या वापरात असताना चौघांनाही ‘डिस्चार्ज’ देण्याची घाई का?

आरोपाच्या पोटातही पायऱ्या आहेत, आणि त्या इंग्रजीपेक्षा आपल्याकडे जास्त बारीक आहेत असे माझे मत आहे. चौकशी अहवालात ठपका ठेवतात, गावात आळ घेतात, आणि काही न करता गळ्यात पडते ते बालंट. ‘आरोप’ हा शब्दही मुळात चढवणे, बसवणे याच अर्थाचा आहे, वृक्षारोपणातला तोच; म्हणजे लादण्याची कल्पना संस्कृतलाही सुचली होती, त्यासाठी गाडा लागला नाही. घोडदळाच्या ‘चार्ज’साठी तर बखरींनी घोडे घातले, चालून गेले, एल्गार केला असे शब्द ठेवून दिले आहेत. २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने भोसल्यांच्या फौजेवर जे केले, ते वर्णन करताना आजचा लेखक ‘चार्ज केला’ असे लिहितो, तेव्हा घोड्यांऐवजी मला मोबाइलच दिसतो.

मोबाइल चार्जच होऊ द्यावा, त्याला कोणी प्रभारित करू नये. तो शब्द रुळला आहे आणि त्याने कोणाचे नुकसान होत नाही. वीजबिलावरचा ‘स्थिर आकार’ही तसाच रुळला आहे, मग बिल भरताना कितीही जिवावर येवो. विनंती एवढीच, की न्यायालय, महसूल आणि दवाखाना या तीन ठिकाणच्या बातम्यांत आपल्या उपसंपादकांनी ‘चार्ज’ आणि ‘डिस्चार्ज’ हे शब्द तसेच पुढे जाऊ न देता, बातमीदाराला फोन करून नेमके काय झाले ते एकदा विचारून घ्यावे.

धंतोलीच्या त्या पाटीबद्दल मी व्यवस्थापकाला लेखी कळवले होते. परवा पाहिले, तर पाटी बदललेली आहे: ‘विद्युत वाहन आरोप केंद्र’.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त महसूल कर्मचारी, नागपूर