दादा, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं

दादा, नमस्कार.

तुमच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या भाड्याची पावती जपून ठेवली आहे, पण तिच्यावरचा गाडीचा नंबर पुसलाय आणि नाव तर नव्हतंच. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितोय.

टेंभुर्णीला सोलापूर हायवे सोडून आपण कुर्डुवाडी-बार्शीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा रात्रीचे तीन वाजले असतील. मागं माझी धाकटी बहीण होती. पबच्या आगीत गेलेली, वय २४. मैत्रिणीचा वाढदिवस, ऑफिसातल्या चौघीजणी गेल्या होत्या. त्या दिवशी ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, एवढ्या रात्री तिथं कशाला गेली होती? सख्ख्या मामानंसुद्धा. तुम्ही बराच वेळ गप्प होता. मग विचारलंत, "ताई करायची काय?" आणि बार्शीपासून मुरूडपर्यंत मी बोलतच राहिलो. तिचा पहिला पगार, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, येळवशीला काहीही करून गावाकडं येण्याचा हट्ट. (येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात असतात.) दिवसभरात रडलो नव्हतो, तो तुमच्या शेजारच्या सीटवर रडलो.

दारात आईनं विचारलं, "लेकराला लई भाजलं का?" माझी जीभच उचलेना. तुम्ही खाली बसून म्हणालात, "न्हाई माय. जाळ पोचलाच न्हवता. धुरानं गुंगी आली. मी सोता उचललंय." मला वाटलं, बाईमाणसाची समजूत घालताय. नंतर शवविच्छेदनाच्या कागदावर तेच निघालं. मुंबईत कमला मिलच्या आगीत डिसेंबर २०१७ मध्ये १४ जण गेले, तेही बहुतेक गुदमरूनच. कितीतरी जण आसऱ्याला बाथरूममध्ये शिरले होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला पळायचंही सुचू देत नाही.

कागद कॅरीबॅगेत गुंडाळून देताना तुम्ही बजावलंत, की मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळायचा नाही, जिथं मरण झालं तिथल्याच महापालिकेत मिळेल, आणि २१ दिवसांत नोंद झाली का ते बघा. बँकेत, विम्याला, सगळीकडं तोच दाखला लागला.

गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबात डिसेंबर २०२५ मध्ये २५ माणसं गेली, त्यातले बहुतेक तिथंच राबणारे कामगार. ती बातमी आली तेव्हा पारावर पुन्हा तेच सुरू झालं, रात्रीचं असल्या ठिकाणी जावंच कशाला. मी उठून आलो. त्या कामगारांनाही कुणीतरी तुमच्यासारख्यानंच घरी पोचवलं असेल.

येळवशीला आम्ही वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही भज्जी, उंडे, आंबील खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही मात्र रात्रभर गाडी चालवून आलात आणि आमच्या दारातून चहापाण्याविना परत गेलात. शेत सडकेला लागूनच आहे, मुरूडच्या अलीकडं, डाव्या हाताला. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, लांबून दिसते. एकदा गाडी थांबवा.