अरीन वलय केवळ आधारापुरते नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतील रुथेनियम-अरीन संकुलांवरचा, म्हणजे रुथेनियम धातूला बेंझीनसारखे कार्बनचे वलय (अरीन) जोडलेल्या संयुगांवरचा, लेख आवडला. असा विषय मराठी वृत्तपत्रात येतो याचा मनापासून आनंद वाटतो. मात्र त्यात सारे श्रेय धातूकडे गेले आणि अरीनचे वलय त्याला नुसते धरून ठेवते असे चित्र उभे राहिले, ते अपुरे आहे.

या संकुलांची घडण तिपायी स्टुलासारखी असते : वरची बैठक म्हणजे अरीनचे सपाट वलय आणि खालचे पाय म्हणजे तीन लिगँड (धातूला जोडलेले अणू वा रेणू). वलयाचे सहाही कार्बन धातूशी बांधलेले असतात. वलयाचे 6 इलेक्ट्रॉन, +2 अवस्थेतील रुथेनियमचे 6 आणि तीन लिगँडांचे मिळून 6 अशी स्थैर्य देणारी 18ची बेरीज पुरी होते. पॅरा-सायमीन या अरीनचे लालसर तपकिरी क्लोराइड-द्विवारिक (क्लोराइडच्या सेतूंनी जोडलेले दोन रुथेनियम) घेतले, तर फॉस्फीन हा फॉस्फरसयुक्त लिगँड मिळताच त्यातील क्लोराइडचे सेतू तुटतात, पण वलय जागचे हलत नाही. तेच द्विवारिक वितळलेल्या हेक्झामिथिलबेंझीन या दुसऱ्या अरीनमध्ये तापवले, की सायमीन निघून जाते आणि त्याची जागा नवे वलय घेते. टिकाऊपणा आणि बदलाची तयारी एकाच रेणूत अशी नांदते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

वलयाचे खरे कर्तृत्व दिसते ते र्योजी नोयोरी (नोबेल, 2001) यांच्या गटाने 1995मध्ये मांडलेल्या उत्प्रेरकांत. अ‍ॅसिटोफेनोन या कीटोनचे (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या संयुगाचे) अल्कोहोल होताना तो कीटोन धातूला बांधला जातच नाही. रुथेनियमवरचा हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) त्याच्या कार्बनकडे आणि शेजारच्या नायट्रोजनवरचा प्रोटॉन ऑक्सिजनकडे जातो. या वेळी कीटोनने कोणती बाजू समोर धरावी, हे ठरवण्यात उत्प्रेरकाच्या अरीनवरील कार्बन-हायड्रोजन बंध आणि कीटोनच्या वलयावरील इलेक्ट्रॉन-मेघ यांच्यातील आकर्षणाचा मोठा वाटा असतो. त्यामुळेच दोन आरसा-प्रतिमांपैकी एकच अल्कोहोल मुख्यत्वे हाती लागते.

कर्करोगविरोधी संशोधनातही हेच दिसते : बायफिनाइल (जोडलेली दोन बेंझीन-वलये) या अरीनच्या संकुलात रुथेनियम डीएनएतील ग्वानीन या बेसला बांधला जातो, तर बायफिनाइलचे मोकळे वलय बेस-जोड्यांच्या मध्ये शिरते, साध्या बेंझीनला ते साधत नाही.

पुढील लेखातील आकृतीत वलय कोरे षटकोन म्हणून न काढता त्यावरील गटांसह दाखवावे, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक अध्यापक