पेनी स्टॉक विकणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

पेनी स्टॉक, म्हणजे अगदी कमी भावाचा शेअर, पडला की लोक लगेच म्हणतात कंपनीत काहीतरी घोटाळा आहे, पण बऱ्याचदा बातमी काहीच नसते, फक्त कुणीतरी विकायला आलेलं असतं. या शेअर्सना खरेदीदारच कमी. समजा २ रुपयांना हजार शेअर घेणारे आहेत, त्याखाली १.९० ला पाचशे आणि मग थेट १.७५, तर एकाने मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विका, अशी सूचना) टाकून तीन हजार विकले की भाव तिथल्या तिथे साडेबारा टक्के खाली! मग बाकीच्यांचे स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विका, अशी आधीच दिलेली सूचना) लागतात, त्यांचेही शेअर विक्रीला येतात आणि घसरण वाढत जाते.

विकणाऱ्यांची कारणंही वेगवेगळी असतात, कुणाला घरखर्चाला पैसे हवे असतात, कुणी तोटा दाखवून टॅक्स वाचवतो, कुणी कंटाळलेला असतो. पण मला खरी भीती वाटते ती कंपनीकडून स्वस्तात शेअर मिळालेल्यांची, कारण लॉक-इन (ठरावीक काळ शेअर न विकण्याची अट) संपलं की ते थोडा भाव मिळाला तरी विकतात, त्यांना तरीही नफाच असतो. आणि जे आधी शेअर गोळा करून, मेसेज फिरवून भाव चढवतात ते तर आपण खरेदी करत असताना स्वतःचा माल आपल्याला खपवतात, हे सरळसरळ फसवणं आहे.

म्हणून कळकळीने सांगतो, घेताना भाव किती स्वस्त यापेक्षा रोज किती शेअर्सचा व्यवहार होतो आणि प्रमोटरचा (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांचा) हिस्सा कमी होतोय का ते आधी बघा, आणि विकायचं झालं तर लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली विकू नका, अशी सूचना) लावून थोडे थोडे विका.

आपला,
एक छोटा गुंतवणूकदार