मोठ्या गायकाच्या आधीचा अर्धा तास

न्यू ब्रायटन, लिव्हरपूलजवळ
रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फराळाचा डबा सुखरूप पोहोचला. आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि कार्यक्रमाची हकीकत तिला सविस्तर कळली पाहिजे असे बाबा म्हणाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दादाने ते तिला सावकाश वाचून दाखवावे. माझी प्रकृती उत्तम आहे आणि जेवण वेळेवर होते. इस्पितळातील पाळ्यांचे वेळापत्रक तुम्हाला पाठच आहे, तेव्हा त्याविषयी नव्याने लिहीत नाही. आमच्या बँडने कोणत्या गायकाच्या आधी वाजवले हे सांगून झाले आहे आणि त्यांची गाणी दादाने तुम्हाला ऐकवलीही आहेत. मात्र त्यानंतर घरात जी चर्चा झाली ती वहिनीकडून समजली, आणि तिचे उत्तर फोनच्या घाईत देता येणार नाही असे वाटले.

कार्यक्रमामुळे मला रात्री फार उशीर होतो आणि मी एकटी घरी येते, या आईच्या काळजीविषयी आधी लिहिते. इथल्या कार्यक्रमांची एक रीत समजल्याशिवाय ती काळजी मिटणार नाही, म्हणून ती नीट लिहिते. इथे तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती कार्यक्रम सुरू होण्याची नसते, सभागृहाची दारे उघडण्याची असते. आमच्या तिकिटावर सात वाजता असे होते. सातला जे येतात त्यांपैकी काहींना रंगमंचासमोरच्या कठड्याला टेकून उभे राहायचे असते, कारण खुर्च्या नसतातच आणि सगळे कार्यक्रमभर उभे असतात. उरलेल्यांना आमच्यासारख्या स्थानिक बँडविषयी खरी आस्था असते. बाकीचे श्रोते आठनंतर येतात, कारण साडेसात ते आठ स्थानिक बँड, मग अर्धा तास वाद्ये आणि तारा हलवण्याचे काम, आणि त्यानंतर मुख्य गायक, हा क्रम त्यांना कोणी न सांगता ठाऊक असतो. हे वेळापत्रक मिनिटांसह छापून रंगमंचामागच्या भिंतीवर चिकटवलेले असते. निवेदक नसतो, दीपप्रज्वलन नसते, परिचय आणि शाल-श्रीफळही नसते; दिवे मंद झाले की आपणच चालत जायचे आणि वाजवायला लागायचे. आपण वाजवत असताना निम्मे लोक मागे पेये घेण्यासाठी रांगेत उभे असतात आणि आपल्याकडे पाठ करून गप्पा मारत असतात. यात अपमान आहे असे त्यांना वाटत नाही आणि आता मलाही वाटत नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या गाण्याला हेच लोक बोलणे थांबवून दोन पावले पुढे येतात, आणि नवख्या बँडला इथे जी दाद मिळते ती याच दोन पावलांत असते. आणखी एक गोष्ट म्हणजे सभागृहाच्या परवान्यात जी वेळ लिहिलेली असते त्या वेळेला, गायक कितीही मोठा असला तरी, ध्वनिक्षेपण बंद होते. त्या दिवशी साडेदहाला बंद झाले.

म्हणजे, आई, तुला वाटते तशी रात्र तिथे होतच नाही. सवाई गंधर्व महोत्सवात पूर्वी पहाटेपर्यंत बसत असल्याचे बाबांनीच सांगितले आहे. त्या मानाने मी कितीतरी लवकर घरी आले. नदीखालच्या बोगद्यातून येणारी गाडी थेट न्यू ब्रायटनपर्यंत येते, आणि आमचा ड्रमवादक व त्याची पत्नी याच मार्गावर राहत असल्याने मी एकटी नव्हते. कानांचे म्हणशील तर आम्ही सगळे वाजवताना कानांत खास बनवलेले बोळे घालतो. दारूचा प्रश्न तू वहिनीमार्फत विचारलास, तो मला सरळ विचारला असतास तरी मी रागावले नसते: मी घेत नाही, आणि इथे त्यासाठी कोणी आग्रहही करत नाही.

आता काकांच्या बोलण्याविषयी. दुसऱ्याच्या वरातीपुढे बँड वाजवावा तसे हे आहे, त्यात मान कसला, असे ते म्हणाले. काकांचा मी आदर करते, परंतु हे बोलणे मला लागले, कारण ज्या गावात मी राहते त्या गावाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे.

१९६० च्या मे महिन्यात लिव्हरपूलमधील एका बॉक्सिंगच्या स्टेडियममध्ये अमेरिकेचे रॉक-अँड-रोल गायक जीन व्हिन्सेंट यांचा कार्यक्रम होता. त्यांच्याबरोबर गाणारे एडी कॉक्रन एप्रिलमध्ये मोटार अपघातात वारले, त्यामुळे जाहिरातीतील जागा भरून काढण्यासाठी लिव्हरपूलचेच काही बँड घेण्यात आले. त्यांत रोरी स्टॉर्म यांचा बँड होता आणि त्यात ड्रमवर रिंगो स्टार हा तरुण होता. पुढे बीटल्स या बँडमुळे जगप्रसिद्ध झालेले जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन हे तिघे त्या रात्री श्रोत्यांत होते. त्यांच्याकडे तेव्हा नियमित ड्रमवादकही नव्हता, आणि स्थानिक बँडच्या त्या यादीत त्यांना जागा मिळाली नव्हती.

त्यानंतर ते जर्मनीत हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्रीमागून रात्री वाजवत राहिले, आणि परत आल्यावर इथल्या मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्न क्लबमध्ये, कित्येकदा भर दुपारी, कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीत वाजवत राहिले. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी अमेरिकेचे प्रसिद्ध रॉक-अँड-रोल गायक लिटल रिचर्ड यांना न्यू ब्रायटनच्या टॉवर बॉलरूममध्ये आणले आणि जाहिरातीत त्यांच्या खालोखाल बीटल्सचे नाव घातले. बीटल्सची पहिली तबकडी बाजारात येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. ज्यांची गाणी ऐकून ही मुले गायला शिकली, ज्यांची ती उंच किंकाळी पॉलने गळ्यात बसवून घेतली होती, त्यांच्याच आधी त्यांना वाजवायचे होते. लोक कोणासाठी आले आहेत हे माहीत असताना त्यांच्यासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे मला आता थोडेसे समजते, आणि म्हणून ती तारीख मला त्यांच्या नंतरच्या कोणत्याही विक्रमापेक्षा मोठी वाटते. ती बॉलरूम माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. १९६९ मध्ये ती आगीत जळाली, तरीही सुट्टीच्या दिवशी मी त्या बाजूने फिरून येते.

बाबा, तुम्हाला मुद्दाम सांगायचे आहे ते असे की त्या दौऱ्यात लिटल रिचर्ड यांच्या साथीला ऑर्गनवर बिली प्रेस्टन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. तो लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेला होता. याच मुलाने पुढे १९६९ मध्ये बीटल्सबरोबर वाजवले आणि त्यांच्या एका तबकडीवर बँडच्या नावाशेजारी त्याचे नाव छापले गेले. देवाच्या दारात साथ करत वाढलेला हात कुठेही गेला तरी गायकाला कधी जागा द्यायची हे विसरत नाही, असे मला त्याचे वादन ऐकताना वाटते. मी आमच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवते तो तुमच्या पेटीवर शिकलेल्या हातानेच. कृष्णाबाईच्या उत्सवात मोठे कीर्तनकार येईपर्यंत तुमचे भजनी मंडळ घाटावर गात असे. लोक येत असत, सतरंजीवर जागा धरत असत, आपसांत बोलत असत, आणि तुम्ही कोणाकडेही न पाहता चाल शेवटपर्यंत नेत होता. काकांनी त्याला कधी वरात म्हटले नाही.

दादाला आवडेल म्हणून हेही लिहिते. पसरणीचा घाट चढून गेल्यावर पाचगणीत जी सेंट पीटर्स शाळा आहे, तिथे फारुख बुलसारा हा विद्यार्थी हेक्टिक्स नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. १९६९ मध्ये तो लिव्हरपूलच्या आयबेक्स या बँडचा गायक झाला, आणि पुढे त्याने फ्रेडी मर्क्युरी हे नाव घेतले; १९७३ मध्ये त्याचा क्वीन हा बँड मॉट द हूपल या तेव्हाच्या प्रसिद्ध बँडच्या आधी इंग्लंडभर वाजवत फिरला. आपल्या वाईवरून जाणाऱ्या रस्त्याने शाळेत गेलेला मुलगासुद्धा आधी दुसऱ्याच्या श्रोत्यांसमोर उभा राहिला होता.

आमच्या अर्ध्या तासाबद्दल सांगायचे तर ध्वनिचाचणी मुख्य गायकाची सर्वांत आधी होते आणि स्थानिक बँडची सर्वांत शेवटी, म्हणजे जे पहिले वाजवणार त्यांची मांडणी तशीच ठेवता येते. मुख्य गायकाचे ड्रम आणि ध्वनिवर्धक जागेवरून हलवायचे नसतात, त्यामुळे त्यांच्यापुढे उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत आम्ही चौघांनी आमची वाद्ये लावली. माझा कीबोर्ड अगदी कडेला, पडद्याजवळ होता. पहिल्या गाण्याला समोर तुरळक माणसे होती. शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला मी एकटीच भूपाच्या स्वरांत काही वेळ वाजवते, तिथे सभागृह शांत झाले, आणि ती शांतता आम्ही मागितलेली नव्हती. नंतर ते गायक स्वतः येऊन ही सुरावट कुठली असे विचारून गेले. मी त्यांना सांगितले की ती वडिलांकडून आली आहे. काकांना एवढे अवश्य सांगावे.

मानधन विचाराल तर ते चौघांत वाटून गाडीभाडे जेमतेम निघाले. काही दौऱ्यांत सुरुवातीच्या बँडलाच उलट पैसे भरावे लागतात, तसे आम्ही केलेले नाही आणि करणारही नाही. नोकरी सोडण्याचा विचार माझ्या मनात नाही, ही गोष्ट बाबांनी निश्चिंत मनाने शेजारी सांगावी. सराव सुट्टीच्या दिवशीच असतो.

कर्जाचा हप्ता नेहमीच्या तारखेला पाठवला आहे आणि या महिन्यात थोडे अधिक पाठवले आहे, ते बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. विम्यातून सर्व खर्च मिळेल असे दादा म्हणतो, तरी ते काढून ठेवावेत. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात मला रजा मिळत नाही. विभागात माणसे कमी आहेत, आणि दादा-वहिनी आहेत म्हणजे काही अडणार नाही हे मला माहीत आहे. तरीही कोणत्या दिवशी, किती वाजता नेणार आणि कोणते डॉक्टर आहेत हे मला आधी कळवावे, म्हणजे त्या वेळी मी पाळी बदलून फोनजवळ थांबेन. वॉकर घ्यायचा तो उंची कमी-जास्त करता येणारा घ्यावा. आईने रात्री इस्पितळात एकटीने थांबू नये.

कोथरूडच्या स्थळाचा फोटो आणि पत्रिका पाहिली. मुलगा चांगला वाटतो आणि मी नाही म्हणत नाही. बोलायला तयार आहे. परंतु आत्याने त्यांना मी फक्त इस्पितळात नोकरी करते असे सांगितले आहे. मी बँडमध्ये वाजवते आणि पुढेही वाजवणार आहे हे त्यांना आधी कळावे, आणि ते आत्याकडून न कळता बाबांकडून कळावे अशी माझी इच्छा आहे. त्यानंतरही त्यांना बोलायचे असेल तर शनिवारी, तुमच्याकडे संध्याकाळ असताना, मला वेळ आहे.

आजीला साष्टांग नमस्कार. चि. छोटीस आशीर्वाद, तिच्यासाठी बँडच्या नावाचा लहान मापाचा सदरा ठेवला आहे. कळावे, लोभ असावा.

तुमची,
लेक

ता. क. – दादा, कार्यक्रमाची ध्वनिफीत वेगळी पाठवत आहे. बाबांना शेवटचे गाणे आधी ऐकव, बाकीची आवाजाने मोठी आहेत. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याच दिवशी कळव.