उरलेल्या मालाची वही

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पेस्ट्री रेस्टॉरंटची फ्रँचायझी घ्यायची ठरवून मी तुमच्याकडे आले, तेव्हा सहीला चारच दिवस उरले होते. तुम्ही तशीच फ्रँचायझी चालवून बंद केलेली. अनोळखी माणसापुढे स्वतःचा तोटा कोण उघडून ठेवतं? तुम्ही कपाटातून दोन वह्या काढल्यात आणि माझ्यासमोर ठेवल्यात.

पहिली हिशेबाची. नाव वापरण्याबद्दल कंपनीला द्यायची 6 टक्के रॉयल्टी नफ्यावर असते, असं मी धरून चालले होते. तुम्ही करारातल्या त्या ओळीवर बोट ठेवलंत : एकूण विक्रीवर. मग पेन्सिलीने मांडून दाखवलंत. विक्री 100, बाकी सगळा खर्च जाऊन उरले 10, त्यातले 6 रॉयल्टीचे, 2 जाहिरात निधीचे. हातात 2. तोट्याच्या महिन्यातही ते 8 चुकत नाहीत. इतकं सरळ गणित मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसरी वही उरलेल्या मालाची. रोज रात्रीची नोंद : क्रोसाँ 14, एक्लेअर 9, टार्ट 6. क्रोसाँचा कुरकुरीतपणा एका दिवसाचा, सकाळी तो मऊ पडलेला असतो. विक्रीचे आकडे सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही, असं तुम्ही म्हणालात. खरंच, त्या वहीने मला जे शिकवलं ते कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

आणि ती पहाट! चार वाजता तुम्ही मला ओळखीच्या बेकरीत घेऊन गेलात. पिठात लोण्याचा थर ठेवून तीनदा तिहेरी घडी घातली की लोण्याचे 27 थर होतात. खोली उबदार झाली, तर लोणी पिठातच मुरतं. कारागिराने तसा बिघडलेला एक क्रोसाँ कापून दाखवला. आत जाळी नव्हती, पावासारखा गच्च गर होता. दर्शनी काचेवर आणि दिव्यांवर ठेवलेला पैसा मी त्याच दिवशी गार खोलीकडे आणि अनुभवी कारागिराच्या पगाराकडे वळवला.

अमेरिकेत सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला फ्रँचायझीची माहिती देणारं खुलासापत्र घेणाऱ्याच्या हाती द्यावं लागतं आणि मागच्या वर्षी सोडून गेलेल्या चालकांची यादीही त्यात असते, हेही तुमच्याकडूनच कळलं. कायद्याने मिळो न मिळो, आपण मागायची, म्हणालात. मी मागितली. त्या कंपनीने टाळाटाळ केली आणि मी सही न करता परतले.

नंतर जिने मागताच यादी दिली, तिचीच फ्रँचायझी घेतली. यादीतल्या पाच जणांशी बोलले. सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवूनच शटर उघडलं.

काका, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. रविवारी आणून देते. सोबत माझीही आणते. काल रात्रीची नोंद : क्रोसाँ 3, टार्ट 1.

तुमची ऋणी,
वही घेऊन गेलेली मुलगी